अर्थिंगचा खड्डा

माझी जीभ मुळातच तिखट. जळगावात बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकवायला लागून अकरा वर्षं झाली, तरी तिची धार काही कमी झालेली नाही. आमच्या प्रयोगशाळेत हृदयाचा आलेख काढणारी ईसीजी मशीनं आहेत, रक्तदाब मोजणारी यंत्रं आहेत, उघडून दाखवायचा एक कृत्रिम हात आहे. कागदोपत्री हे सगळं माझ्या ताब्यात. खरा ताबा आबांचा. ते विभागाचे शिपाई, मूळचे चाळीसगावकडच्या खेड्यातले, अहिराणी बोलणारे, राहायला पिंप्राळ्यात. कोणती वायर कुठल्या खणात आहे हे मला आठवायच्या आत त्यांनी काढून हातात ठेवलेली असते.

प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा आहे. मीठ आणि कोळसा भरलेला, मशीनमधली नको ती वीज जमिनीत सोडून देणारा. उन्हाळ्यात आमच्याकडची जमीन भेगाळते, म्हणून आबा रोज त्यात दोन बादल्या पाणी ओतायचे. त्या एप्रिलमध्ये आमच्या सोयी पाहायला बाहेरून समिती येणार होती, आणि मला तो ओला, डासांचा खड्डा डोळ्यांसमोर नको होता. मी मागचं सगळं अंगण पेव्हर ब्लॉकनी झाकून घेतलं.

"मॅडम, त्या खड्डाले पानी लागस," आबा म्हणाले.

"मग समितीला काय चिखल दाखवू?" मी म्हटलं. त्यांनी बादल्या उचलून आत नेऊन ठेवल्या.

तीन आठवड्यांनी मी रंगीत तालीम म्हणून ईसीजी मशीन लावलं. मुलं परीक्षेच्या सुट्टीवर गेलेली, म्हणून आबांनाच कॉटवर झोपवलं. कागदाची पट्टी बाहेर आली ती सगळी थरथरलेली, करवतीच्या दात्यांसारखी. मी चिडले, वायरी बदलल्या, मशीनला दोन शब्द सुनावले आणि "राहू द्या, उद्या बघू" म्हणून तरातरा मीटिंगला निघून गेले. ती थरथर भिंतीतल्या विजेची आहे हे मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. इतकी एकसारखी थरथर कुठल्याच हृदयाला जमत नाही. दरवर्षी हे मी फळ्यावर काढून शिकवते.

तिसऱ्या दिवशी आबांच्या मुलीचा धुळ्याहून फोन आला. आबा दोन दिवस जेवले नव्हते. तिला फोन करून म्हणाले होते, सुट्टी काढून मुलांना घेऊन ये, एकदा सगळ्यांना डोळे भरून पाहू दे. कारण काही सांगत नव्हते. "ताई, तिकडे काही झालं का?" तिनं विचारलं.

मी फोन ठेवून सरळ प्रयोगशाळेत गेले.

आबा नेहमीसारखे फडकं घेऊन काचेची कपाटं पुसत होते. मी विचारलं तेव्हा आधी काही नाही म्हणाले. मग शर्टाच्या खिशातून त्या दिवशीची, घडी केलेली पट्टी काढली. कॉटच्या वर निरोगी हृदयाच्या आलेखाचा मोठा तक्ता लावलेला आहे. तो त्यांनी इतकी वर्षं पुसला होता, त्यामुळे चांगली रेघ कशी दिसते हे त्यांना पाठ होतं.

"भीतवरला कागद देखा नि मन्हा देखा," ते म्हणाले. "मन्हं बठ्ठंच बिघडेल शे." आपलं सगळंच बिघडलंय, अशी त्यांची खात्री होती.

मी म्हटलं, "आबा, हे मशीनचं आहे, तुमचं नाही." ते नुसतं हसले. आजाऱ्याची समजूत काढताना माणसं असंच बोलतात हे काय त्यांना माहीत नव्हतं? डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, मशीननं सांगितलं, आता डॉक्टर वेगळं काय सांगणार.

तेव्हा मी स्वतः कॉटवर आडवी झाले. हातापायांना चिमटे लावले आणि आबांना बटण दाबायला सांगितलं. पट्टी आली, तशीच करवतीची. आबांनी ती उजेडात धरली, तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घाबरून म्हणाले, "तुम्हनं बी बिघडेल शे?"

मला हसू आवरेना. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. दोघांची हृदयं अशी हुबेहूब एकाच तऱ्हेनं बिघडणार नाहीत, हे त्यांचं त्यांनाच पटलं. ते मागच्या दारानं पहार घेऊन गेले. मी नको नको म्हणेपर्यंत दोन ब्लॉक उचकटून झाले होते. खाली खड्डा खडखडीत कोरडा, मशीनमधली वीज जमिनीत जाणार कशी? पाणी मात्र मी ओतलं. चार बादल्या वाहून आणल्या, साडीचा काठ चिखलात भिजला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तासाभरानं आबा पुन्हा कॉटवर झोपले. रेघ आली ती स्वच्छ, प्रत्येक टोक आपापल्या जागी. माझा जीव भांड्यात पडला. आबा उठून बसले, पट्टी तक्त्याला लावून बोटानं एकेक टोक ताडून पाहिलं आणि ती घडी करून खिशात ठेवली. मी काही डॉक्टर नाही, म्हणून संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनीही सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण त्याआधी, प्रयोगशाळेतच कॉटशेजारी, मी माझा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा. ते मान खाली घालून भराभर जेवू लागले. मला इतकं हलकं वाटत होतं की मी बोलून गेले, "आबा, मला तर पहिल्याच दिवशी माहीत होतं, तुमचं हृदय ठणठणीत आहे."

आबांचा हात घासाशी थांबला.

"मंग माले सांगाले काय व्हयनं व्हतं, मॅडम?" ते म्हणाले, आणि पुन्हा जेवू लागले.