फिलूबायची जळलेली साखर

सन २००१. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. आज सत्तरीला टेकलो. मधल्या वर्षांत ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, ती शेवटची आजारी होती तेव्हाही नाही. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतानासुद्धा एवढं एक वगळून बाकी सगळं बोललो. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी चौथी पास. अक्षर वाकडं जातं, ओळ खाली उतरते. पण दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही. लिहून घ्यायचं म्हणजे आधी त्याला सांगायला लागणार ना?

अंधेरी पूर्वेला, गावठाणातल्या एका बेकरीत मी एकतीस वर्षं भट्टी सांभाळली. लाकडाची भट्टी. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, आच मोजायचा काटा नव्हता. उजवा हात भट्टीत घालायचा आणि मनात आकडे मोजायचे. पावासाठी पाचपर्यंत हात टिकला पाहिजे, नानकटाईला आठ, केकला बारा. बाराच्या आधी हात ओढावा लागला तर भट्टी अजून तापलेली, थांबायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकलो. आणि सांगतो, एकतीस वर्षांत माझा हात एकदाही चुकला नाही. एकदाही नाही. हे लक्षात ठेवा. फुशारकी म्हणून नाही सांगत.

मी राहतो ती खोली फिलूबायची. फिलूबाय म्हणजे फिलोमिना, इथली मूळची ख्रिश्चन, ईस्ट इंडियन, घरात मराठीच बोलणारी. माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, ग्लॅडिस. मी कोकणातून आलो तेव्हा मला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. फिलूबायनं मागची खोली दिली. माझ्या दारात बसलं की समोर तिच्या स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीत एक डबा आहे, दुधाच्या पावडरीचा, लहानसा, काळाकुट्ट. त्यात तिनं ओवा लावलाय. रोज सकाळी चहा घेताना तो डबा माझ्यासमोर असतो. त्याच्याबद्दल सांगायचंच आहे. पण आधी दुसरं सांगतो.

तेव्हा गावठाणात घरोघरी ओव्हन नव्हते. नाताळच्या आधी दोन-तीन दिवस बाया घरी केकचं मिश्रण कालवायच्या, डब्यांत भरायच्या, वर फडकं बांधून आमच्या भट्टीवर आणायच्या. दुपारच्या पावाच्या लाद्या निघाल्या की भट्टी हळूहळू निवते, त्या उतरत्या आचेत केक. डब्याला ओळख म्हणून कुणी लाल दोरा बांधायची, कुणी चिंधी. आणि पद्धत अशी, की मोठ्या डब्यांबरोबर एक छोटा डबाही यायचा, त्याच मिश्रणाचा. तो भट्टीवाल्याचा. म्हणजे माझा.

नाताळात आमच्या खोलीत ताटांचा ढीग लागायचा. आता मी गोडाचा माणूस नाही, खरं सांगतो. कुलकुल मला आवडत नाहीत, तळलेला मैदा आणि वर साखर, दात दुखतात. मार्झिपान म्हणजे बदामाचा साबण. पेरूचं चीज बरं असतं, पण हाताला चिकटतं. दोदोल मात्र खातो, काळ्या गुळाचा आणि नारळाचा असतो, आमच्याकडच्या खांटोळीची आठवण येते. आणि वाढदिवसाचा क्रीमवाला केक? तो तर मी हातात घेत नाही. नातवानं तोंडाला फासला तरी पुसून टाकतो.

पण फिलूबायचा केक. तो काळा असायचा. कोकोनं नाही, जळलेल्या साखरेनं. ती साखर कढईत घालायची आणि धूर येईपर्यंत जाळायची, अगदी कडू व्हायच्या एक श्वास आधी पाणी ओतायची. गणपती गेले की मनुका आणि संत्र्याची साल रममध्ये घालून बरणी कपाटात जायची, ती डिसेंबरात उघडायची. तो केक गोड होता, पण शेवटी जिभेच्या कडेला थोडा कडवटपणा राहायचा. मी आयुष्यात एवढी एकच गोड गोष्ट मागून खाल्ली आहे. सगळं गावठाण खायचं. फादरच्या घरी तिचाच जायचा. कुणाच्या घरी लग्न ठरलं की केक फिलूबायला सांगायचे.

त्या वर्षी ग्लॅडिसला बघायला बोरीवलीचे लोक आले होते, पसंती झाली होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ते तारीख ठरवायला येणार होते. फिलूबायनं चार मोठे डबे भरले, आणि पाचवा माझा छोटा. बावीस डिसेंबर होता. ती रांगेत पहिली.

पावाच्या लाद्या नुकत्याच निघालेल्या. मी डबे उचलायला वाकलो, तर ती म्हणाली, "महादू, थांब जरा. भट्टी अजून तापलीय रे. चिमूटभर मैदा टाकून बघ ना."

मैदा काळा पडला तर आच जास्त, अशी बायांची परीक्षा. मी म्हटलं, "माझा हात आहे की बघायला."

मागची एक बाई हसली. "बाय आता भट्टीवाल्याला भट्टी शिकवणार!"

गल्ल्यावरून शेठ ओरडला, "फिलूबाय, उद्यापासून तूच ये. महादूला घरी कुलकुल वळायला बसवतो!"

सगळ्या हसल्या. फिलूबायही हसली, पण माझ्या बाजूनं, मला सांभाळून घेतल्यासारखी. तेच मला जास्त लागलं.

मी हात भट्टीत घातला. मोजलं.

इथे मी चोवीस वर्षं थांबतो आहे. स्वतःशी बोलतानाही इथे आलो की विषय बदलतो. लोकांना वाटलं असतं — कळलं असतं तर — की महादूचा अंदाज चुकला. तसं असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. चूक काय कुणाचीही होते. पण माझा हात चुकत नाही, वर सांगितलं ना? सहावर हात ओढला. सहावर! ती बरोबर होती. मला कळलं की ती बरोबर आहे. आणि थांबलो असतो तर त्या सगळ्यांसमोर ती बरोबर ठरली असती.

मी चारही डबे आत ढकलले. पार मागे, जिथे आच सगळ्यात जास्त असते. छोट्या डब्याला जागा उरली नाही, तो तोंडाशी ठेवला. फिलूबाय घरी गेली. मी बाकीच्या बायांना सांगितलं, आत जागा नाही, तासाभरानं या.

वास यायला लागला तेव्हा मी डबे काढले. काळा केक जळलेला पटकन दिसत नाही. वरची करपलेली साल मी सुरीनं खरवडून काढली, कडा साफ केल्या, वर फडकी घातली. तोपर्यंत भट्टी निवली होती. मग बाकीच्यांचे डबे आत गेले, हात बारापर्यंत टिकला, आणि सगळ्यांचे केक सुंदर झाले. एकूण एक.

संध्याकाळी फिलूबाय आली. एका डब्यातून तुकडा मोडून तोंडात घातला. तिचा चेहरा मी बघितला नाही, लाद्या मोजत होतो. मोजायचं काही नव्हतं.

"महादू, कडू झालाय रे. काय झालं?"

आणि मी म्हणालो, "बाय, साखर जास्त जाळलीस तू. भट्टीचं म्हणशील तर बाकीच्यांचे बघ."

तिनं बाकीच्यांचे बघितले. ते समोरच फळीवर निवत होते. आपल्या डब्यावर फडकं परत बांधलं. मग म्हणाली, "लक्ष नव्हतं माझं. ग्लॅडिसच्या गडबडीत." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तुझा छोटा?"

छोटा डबा पोत्याखाली होता. ती यायच्या आधीच मी तो लपवला होता. तोंडाशी आच कमी असते, त्याला काही झालं नव्हतं. तेच मिश्रण, तीच साखर. त्याचा एक तुकडा तिनं चाखला असता तर सगळं तिथंच उघड झालं असतं.

"तोही गेला," मी म्हणालो. "टाकून दिला. डबा घासून उद्या देतो."

बोरीवलीच्या लोकांसमोर त्या वर्षी दुकानातला केक ठेवला गेला. लग्न झालं, त्यात काही अडलं नाही. पण गावठाणात बोललं गेलं, फिलूबायची नजर आता आधीसारखी राहिली नाही. पुढच्या नाताळात तिनं साखर लवकर उतरवली. भीतीनं. केक फिका झाला, चहात बुडवायच्या बटर बिस्किटाच्या रंगाचा. त्याच्या पुढच्या वर्षी अजून फिका. लोकांनी सांगणं बंद केलं, फादरच्या घरी दुसरीचा केक जायला लागला. मग तिनं करणंच सोडलं आणि वही ग्लॅडिसला दिली. त्या वहीत साखर जाळायची ओळ तिनं खोडली आहे, वर लिहिलंय, सोनेरी झाली की उतरवणे. मी वाचलंय. ग्लॅडिसनंच दाखवलं.

आता ग्लॅडिस दर वर्षी बोरीवलीहून आईकडे येते, विजेच्या ओव्हनमध्ये करते, आणि पहिला तुकडा मला. मी भट्टीवाला ना! फिलूबाय दारात खुर्ची टाकून बसलेली असते, गुडघे गेलेत तिचे.

"महादूकाका, खरं सांगा हं. आईच्यासारखा झाला?"

मागच्या नाताळात फिलूबायच मध्ये बोलली. "त्याला नको सांगू खरं सांग म्हणून. तो खरंच सांगतो. बाकीचे तोंडावर गोड बोलत होते, यानं एकट्यानं सांगितलं मला, बाय, साखर जळली तुझी. काय रे महादू?"

मी मान हलवली. केक गिळला. भुश्शासारखा होता. "चांगला झालाय," म्हटलं. दोघी हसल्या, त्यांना वाटलं यंदा मी त्यांची समजूत काढतोय.

असं दर वर्षी. मुलगा मुलुंडला राहायला बोलावतो, खोली आहे म्हणतो, लिफ्ट आहे म्हणतो. मी जात नाही. गेलो तर पळालो असं होईल. कुणाला कळणार? मला कळेल. आणि राहिलो तर ही खिडकी, हा डबा, आणि डिसेंबर. बेकरी बंद झाली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे, भट्टी कधीच फोडली. मी मात्र अजून तिच्या तोंडाशी उभा आहे, हात बाहेर काढता येत नाही.

कधी वाटतं, आता सांगून काय होणार, म्हातारीला उगाच त्रास. पण हे मी बनवलेलं कारण आहे. तिला त्रास होईल म्हणून मी गप्प नाही. ती माझ्याकडे बघेल, म्हणून गप्प आहे. ऐंशी वर्षांची बाई मला खरं बोलणारा माणूस समजते, आणि ते मला सोडवत नाही.

आता डब्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तेवीस तारखेला, मी नेहमीपेक्षा आधी बेकरीत गेलो. पोतं उचललं. डब्यातला केक काढला. काळाभोर, मऊ, रमचा वास. एक कणसुद्धा जळलेला नव्हता. मी भट्टीसमोर उभ्यानं तो सगळा खाल्ला. तिचा तो शेवटचा खरा केक होता, आणि इतका चांगला तिचा आधी कधी झाला नव्हता. बोटानं डब्याची कड पुसली, तेही चाटलं. मग डबा घासला. घासल्यावर चकचकीत दिसायला लागला. जळलेल्या केकचा डबा असा दिसत नाही. म्हणून तो रिकामा डबा लांब दांड्याच्या फळीवर ठेवला, भट्टीत पार मागे सरकवला, आणि काळा होईपर्यंत वाट बघितली. निवल्यावर फडक्यात गुंडाळला, फिलूबायच्या दारात गेलो आणि तिच्या हातात दिला.