मेकपची बोटं

हात मिळवला की तो सोडायचा नाही. तुमचा पंजा उलटा करायचा, सुलटा करायचा, एकेका पेरावरून अंगठा फिरवायचा आणि मग तुम्हाला हाताला धरूनच दाराकडे नेत म्हणायचा, "जरा उजेडात या ना जी." समोर बँकेचा साहेब असो नाहीतर भाजीवाली. भाजीवालीचा नवरा एकदा यावरून भांडायला आला, तर त्याचाही हात त्याने उजेडात नेला.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याबद्दल चांगलं बोलणं जिवावर येतं. माझ्या ओळखीतला हा. मला त्याचा हेवा वाटायचा. तो गेला, तरी वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याची स्तुती करायला लागलो की ती तुम्ही खरी मानाल.

आमच्या नाटकमंडळीत त्याला सगळे नुसतं 'मेकप' म्हणायचे. "ए मेकप, माही मिशी कुठं गेली?" "काय गा मेकप, मले राजा बनवून राहिला का भिकारी?" भंडाऱ्याचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची दोन-तीन वर्षं. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू व्हायच्या आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. मी अड्याळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि दिवाळीच्या सुट्टीत मंडळीचे पडदे रंगवायचो. राजवाडा, जंगल, गरिबाचं घर. पहिला पडदा उघडला आणि माझा राजवाडा दिसला की लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांसाठी मी वर्षभर शाळेत दिवस काढायचो, असं म्हटलं तरी चालेल.

पण पडद्यामागे गर्दी असायची ती मेकपभोवती. त्याच्याकडे पत्र्याची एक पेटी होती. तीत मेण, पातळ रबर, डिंक, केसांचे पुंजके आणि डझनभर नाकं. खलनायकाचं नाक वेगळं, सावकाराचं वेगळं. नटाच्या तोंडावर नाक बसवून त्याची कड तो अशी मिटवायचा, की खरं नाक कुठे संपलं ते नटालाही सांगता येऊ नये. मी नागपूरला राहून चित्रकलेची पदविका घेतलेली. हा दहावी नापास. मी त्याच्या कामाला मनातल्या मनात 'लेपालेपी' म्हणायचो.

करडीच्या मंडईची गोष्ट आहे. दुपारी आम्ही शाळेच्या वर्गात सामान लावत होतो. गावातली एक बाई मंडळीसाठी चहा घेऊन आली. चाळिशीची असेल. डाव्या हाताने किटली धरलेली, उजवा हात पदरात. मेकप त्या वेळी एका नटाला नाक लावत होता. बाई चहा द्यायचं विसरून बघत राहिली. मग म्हणाली, "नाक लावता, त बोट नाही लावत का जी?"

नट हसला. मीही हसलो. बाईने पदरातून हात काढला. धान मळायच्या यंत्रात तिची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यातून गेलं होतं.

मेकप हसला नाही. नटाचं नाक तसंच लोंबकळत ठेवून तो उठला आणि बाईला ओट्यावर उन्हात घेऊन गेला. किती वेळ तिचा हात बघत होता कोण जाणे. आत नट ओरडत होता, "अरे बाप्पा, माहं नाक!" त्या दिवशी खलनायक वाकड्या नाकानेच रंगमंचावर गेला, आणि मेकपचं लक्षही नव्हतं. तो प्रेक्षकांचे हात बघत होता.

दुसऱ्या आठवड्यात तो अड्याळला माझ्या घरी आला. खिशातून कागदात गुंडाळलेली दोन रबरी बोटं काढली. दात बसवणाऱ्या एका डॉक्टरकडून माप घ्यायची पावडर मागून आणली होती, बाईच्या दुसऱ्या हाताचा साचा घेतला होता. घडण इतकी अचूक होती की मला कसंसंच झालं. पेरावरच्या सुरकुत्या, नखाच्या कडेचं कातडं, सगळं.

"आकार जमला जी सर. रंग नाही जमून राहिला. तुमी त रंगाचे मास्टर. सावळ्या हाताले काळा किती टाकाचा?"

आता इथे तुम्ही माझ्याकडे नीट बघा. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं, की सावळी कातडी काळ्या रंगाने होत नाही. काळा घातला की ती मेलेली दिसते. पिवळी माती हवी, तांबडा हवा, आणि नखभर निळा. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. ती बोटं माझ्या तळहातावर होती, आणि मला कळत होतं की मी आयुष्यात अशी एकही वस्तू केलेली नाही.

"अंदाजाने टाक," मी म्हणालो. "करून करून जमते."

"तेही खरंच हाय," तो म्हणाला. चहा पिऊन गेला.

बाईच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. त्याआधी मेकपने बोटं नेऊन दिली. महिन्याभराने मी सहज त्याच्या घरी गेलो असताना ती बाई आली. ओट्यावर कागदाची पुडी ठेवली. "नाही चालत जी," एवढंच म्हणाली. मग जाता जाता सांगून गेली, की पोराकडच्या एका लहान लेकराने तिचा हात पाहून रडून गोंधळ घातला. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, हे काय मढ्याचं लावलं.

पुडीत राखाडी बोटं होती. मेकप ती बघत भिंतीला टेकून बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "जाऊ दे, आपलं काम नाटकाचं," असं काहीतरी म्हणालो. आणि सायकलवर परत येताना शीळ घालत आलो. पवनीच्या रस्त्याला लागेपर्यंत मला कळलंच नाही की मी शीळ घालतोय.

मला वाटलं, संपलं. पुढच्या मंडईत तो पुन्हा नाकं लावील. पण पुढच्या मंडईत तो आलाच नाही. कळलं, की नागपूरला कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिराकडे कामाला राहिलाय. वय सेहेचाळीस. तिथे पंचविशीची पोरं त्याला 'काका, जरा साचे धुऊन द्या' म्हणायची आणि हा धुऊन द्यायचा. घर बायकोच्या अंगणवाडीच्या मानधनावर चालायचं. गावातले लोक तिला विचारायचे, "कायले गेला ह्या वयात?" ती म्हणायची, "रंग शिकाले." लोक हसायचे. मीही त्यात असायचो.

दोन वर्षांनी तो परतला आणि भंडाऱ्याला बसस्टँडच्या मागे एक खोली घेतली. खोली घेताना भाडं विचारलं नाही म्हणे, खिडकी कोणत्या दिशेला आहे ते विचारलं. उत्तरेची हवी होती, उजेड दिवसभर सारखा राहतो म्हणून. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मी माझ्या घराला उत्तरेची खिडकी कधी केली नाही.

आता तो रबराऐवजी सिलिकॉन वापरायचा. त्या खोलीत मी वारंवार जायचो. काम काही नसायचं. ज्याचा हेवा वाटतो त्याच्यापासून लांबही राहवत नाही, हा तुमचाही अनुभव असेल.

एक तरुण पोरगा आला होता, लग्न ठरलेला. त्याला बोट गोरं हवं होतं. मेकपने त्याचा हात खिडकीशी नेला. "नऊ बोटं शेतकऱ्याची न एक साहेबाचं, चालन का? बायको त्याच बोटाले पाहत राहीन." पोरगा लाजला. एका म्हाताऱ्याची तक्रार उलटी होती. बोट फार स्वच्छ झालंय, नखात माती नाही, लोक हसतात. मेकपने ते बोट परत घेतलं आणि नखाच्या कडेला चिखलाची बारीक रेघ भरून दिली. म्हातारा खूश होऊन गेला.

बपेऱ्याकडचा एक जण मोहफुलं वेचायला गेला असताना अस्वलाने त्याचा कान नेला होता. दुसरा कानही धड नव्हता. मग साचा कोणाचा घ्यायचा? मेकप म्हणाला, "सख्खा भाऊ हाय का?" होता, पण शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. मेकप स्वतः एसटीने बपेऱ्याला गेला, त्या भावाला घेऊन आला आणि कानाभोवती साच्याचा लगदा थापून त्याला आपल्या भावासमोर गप्प बसवून ठेवलं. लगदा सुकेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. लगदा काढला तेव्हा त्या भावाच्या डोळ्यांत पाणी होतं. मेकप म्हणाला, "केस ओढले गेले असतीन." दोघे भाऊ एकाच एसटीने परत गेले.

मी मात्र शाळेत तोच तांब्या, तोच दुमडलेला टॉवेल आणि तीच दोन वांगी मांडून वस्तुचित्र शिकवत होतो. वांगी तेवढी दरवर्षी नवी. माझ्याकडे पगार होता, पुढे पेन्शन होती, कपाटात कोरे कॅनव्हास होते. 'निवृत्त झालो की' असं म्हणून ठेवलेले.

एके वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाला मुख्याध्यापकांनी प्रमुख पाहुणा म्हणून मेकपला बोलावलं. स्वागताचा फळा लिहायचं काम अर्थात माझं. रंगीत खडूंनी मी त्याचं नाव लिहिलं, भोवती वेलबुट्टी काढली. त्याचं आडनाव लिहिताना खडू तीनदा मोडला. भाषणात तो म्हणाला, "मी काही शिकलेला नाही. हे सर शिकलेले हायेत. मी सरालेच विचारतो." पोरं माझ्याकडे बघून टाळ्या वाजवू लागली. मला ते ऐकवत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मी त्याच्या खोलीवर गेलो आणि सांगून टाकलं. करडीच्या बाईच्या बोटांचा रंग मला त्या दिवशी माहीत होता, आणि मी सांगितला नाही.

तो ब्रशने एका नखाला गुलाबी छटा देत होता. ब्रश थांबला. मी वाट बघत होतो की तो म्हणेल, जाऊ द्या जी सर, जुनी गोष्ट.

"काहून नाही सांगतलं?" त्याने विचारलं.

"जळलो होतो तुझ्यावर."

"माह्यावर?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. मग तो म्हणाला, "माह्यं काय जी. माही धाही बोटं शाबूत हायेत. थे बाई दोन सालं पदरात हात गुंडाळून फिरली. पोरीच्या लग्नात अक्षता डाव्या हातानं टाकल्या तिनं. मले सांगून काय फायदा? तिले सांगा."

एवढं कडक तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मी उठलो. दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "सर, जाण्याआधी हे पाहून जा. पिवळा जास्त झाला का?"

मी परत गेलो. खिडकीशी धरून पाहिलं. "झाला," मी म्हणालो. "तांबडा वाढव."

करडीला मी पुढच्या आठवड्यात गेलो. बाई अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती, दोन्ही हातांनी. मेकपने नागपूरहून परतल्यावर सगळ्यात आधी तिचीच बोटं केली होती. मी कोण, ते सांगितलं. काय केलं, ते सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"मले वाटलं," ती म्हणाली, "माह्याच हाताले काही सोभत नाही."

मला बसायला सांगितलं नाही. हाकलूनही दिलं नाही. थोड्या वेळाने सूप उचललं, आणि मी निघालो.

मेकप गेला तो उन्हाळ्यात. खोलीत काम करतानाच छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या गावच्या बुद्धविहारात होता. माणसं मावत नव्हती. बाहेर मांडवात, झाडाखाली, रस्त्यापर्यंत. मंडळीतले जुने नट होते, डॉक्टर होते, बाकीचे कोणकोण मला माहीत नव्हते.

वंदना सुरू झाली. सगळ्यांनी हात जोडले. मी जोडायचे विसरलो. मी ओळीओळीने हात बघत होतो. शेतात राबलेले, मेंदी लागलेले, थरथरणारे, शेकडो हात. त्यात त्याची बोटं नक्की होती. माझे पडदे लोकांनी पाहिले होते, टाळ्या वाजवल्या होत्या, आणि ते केव्हाच फाटून गेले होते. याचं काम डोळ्यांसमोर होतं आणि एकही बोट वेगळं दिसत नव्हतं. त्या दिवशीही, त्या मांडवातही, मी त्याच्यावर जळलो.

जेवणाच्या पंगतीत एक जण भात वाढत आला. पन्नाशीचा, खांद्यावर दुपट्टा. माझी नजर त्याच्या हातावर खिळलेली पाहून तो थांबला.

"तुमीही पाहून राहिले का जी? सारेच पाहून राहिले आज."

"तुमचं आहे? त्याने केलेलं?"

"हाय ना. एक हाय." त्याने पातेलं खाली ठेवलं आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले. "वळखा."

मी चित्रकलेचा शिक्षक. पस्तीस वर्षं पोरांना बघायला शिकवलं. मी त्याचे हात मांडवाच्या कडेला उन्हात धरले. पेरं पाहिली, शिरा पाहिल्या, नखं पाहिली. उजव्या हाताचं मधलं बोट. कातडी जरा जास्तच गुळगुळीत होती, नखाची कड जरा जास्तच नेमकी. मी त्यावर बोट ठेवलं.

तो मोठ्याने हसला. शेजारची माणसं वळून बघायला लागली.

"नाही जी," तो म्हणाला. "हे त माह्या मायबापाचं हाय."

आणि पातेलं उचलून पुढच्या माणसाला भात वाढायला गेला.