मनीषाचा नंबर

"घ, म, प, य!" मनीषाने चार्टची चौथी ओळ धडाधड म्हणून टाकली. चारही अक्षरं चूक. चार्टवर होतं ध, भ, ष, थ. मी चक्रावले, कारण हीच चार चुकीची अक्षरं पाच मिनिटांपूर्वी मोतीबिंदूवाल्या एका आजोबांनी म्हटली होती.

"ए, तू वाचलंस, की आजोबांचं ऐकून म्हटलंस?"

"त्यांनी तसंच सांगितलं ना! त्यांना कुटं वरडल्या तुमी?"

घ्या! बाकावर बसल्या बसल्या कार्टीने अख्खा चार्ट पाठ केला होता.

नव्वदच्या दशकात मी नेरूळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट होते. म्हणजे चष्म्याचा नंबर काढणारी. मनीषा जवळच्याच सारसोळे गावातली, चौथीतली. बोलायला पटाईत, पुस्तक उघडलं की गप्प. आई तिला घेऊन आली होती.

"शालेतल्या बाई बोलल्या, हिच्या डोल्यात दोष हाय. वाचाया नाय जमलं तर परत चौथीत बसवनार. चष्मा द्या बाय."

मी दुसरा चार्ट लावला. त्यात इंग्रजी 'ई' चार दिशांना तोंड करून असतो. वाचायचं काही नाही, बोटांनी दिशा दाखवायची. मनीषाने शेवटची बारीक ओळसुद्धा बरोबर दाखवली.

डॉक्टरांनी डोळे आतून तपासले. "नजर फर्स्ट क्लास. डिस्लेक्सिया असू शकेल. मुंबईला टेस्टिंगला पाठवा."

डिस्लेक्सिया म्हणजे अक्षर नीट दिसतं, पण त्याचा आवाजाशी मेळ बसायला फार कष्ट पडतात. मूल ढ नसतं, आळशीही नसतं. चष्म्याचा काही उपयोग नाही.

"मंग चष्मा नाय?" आईचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. मी तिथूनच तिच्या शाळेच्या हेडबाईंना फोन लावला.

"मॅडम, हिची परीक्षा तोंडी घ्या. हिला ऐकलेलं सगळं लक्षात राहतं."

"तुम्ही डोळ्यांचं बघा. परीक्षेचं आम्ही बघतो."

मीही हट्टी. "एकदाच घ्या हो. नाही जमलं तर खुशाल चौथीत ठेवा!"

बोलून बसले, आणि फोन ठेवल्यावर भानावर आले. पोरीचं वर्ष मी कोण पणाला लावणारी?

आठवड्याने हेडबाईंचाच फोन. "अहो, इतिहास, भूगोल, सगळं घडाघडा सांगितलं! गणितं तर तोंडी सोडवली. पाचवीत घातलंय."

मी दवाखान्यातच टाळ्या वाजवल्या. पेशंट बघत राहिले.

मुंबईला मनीषाचे कान तपासले, बुद्धीची चाचणी झाली. दोन्ही उत्तम. डिस्लेक्सियाच निघाला. गोळी नाही, टॉनिक नाही. वाशीच्या एक रेमेडिअल टीचर, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या बाई, तिला आठवड्यातून दोनदा शिकवू लागल्या. वाळूत अक्षर गिरवायचं, गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, शब्दाचे तुकडे करून पुन्हा जोडायचे. काम कंटाळवाणं. पोरीने वर्षभर नेटाने केलं.

पुढच्या वर्षी आईचे डोळे दाखवायला दोघी आल्या. मी नुकताच दारावर एक कागद चिकटवला होता. मनीषा त्याच्यासमोर उभी राहिली. बोट लावलं. ओठ हलत होते. चांगला मिनिटभर गेला.

"आये, बस खाली," ती म्हणाली. "डॉक्टर आज लेट येनार हाय."

डोळे तपासणाऱ्यांनी कानही उघडे ठेवावेत, एवढं मी त्या पोरीकडून शिकले.