काढा आणि काढून टाका

तर काल मी कुठे थांबलो होतो? हां, शिंप्याची बायको सुजलेला गाल धरून दातांच्या दवाखान्यात उभी, शिंपी तावातावाने विचारतोय, “आमचा नंबर गेला कुठे?” आणि काउंटरमागे आमची सूनबाई, तोंड एवढंसं करून.

तिला चढ्या आवाजात उत्तर देण्याची सोय नव्हती. त्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम तिचं. दिवसभर बोलून बोलून घशात गाठी आल्या, आणि घशाच्या डॉक्टरांनी बजावलं, बोलणं कमी करा, नाहीतर आवाज कायमचा जाईल. (घरात ती कसर मी भरून काढतो, तो भाग वेगळा.) म्हणून दातांच्या डॉक्टरांनी फोन उचलायला एआय एजंट आणला. बोलतो गोड, पण पठ्ठ्याला दवाखान्यातलं काही ठाऊक नाही. नंबर द्यायचं एक टूल, रद्द करायचं दुसरं, अशी अवजारं त्याच्या हाती दिलेली. कुठलं कधी उचलायचं ते प्रत्येकाच्या वर्णनात लिहिलेलं असतं, तेवढं वाचून तो चालतो. ती वर्णनं लिहायचं काम सूनबाईकडे आलं.

तिने एकावर लिहिलं, “पेशंटचा नंबर काढण्यासाठी.” दुसऱ्यावर, “पेशंटचा नंबर काढून टाकण्यासाठी.” तुम्हाआम्हाला यात काय खटकणार? पण शिंप्याच्या बायकोने आधीच नंबर घेतलेला, आणि नवऱ्याला त्याचा पत्ताच नाही. त्याने फोन लावला, “आमच्या हिचा उद्याचा नंबर काढून टाका हो!” एजंटने आज्ञाधारकपणे होता तो नंबर काढून टाकला, वर गोड आवाजात “काढून टाकला” असं सांगितलंही. शिंपी खूश!

डॉक्टरांनी बाईंना मधेच आत घेतलं, दात काढला, टाके घातले. बाहेर येऊन सूनबाईला म्हणाले, “हे बंद करू या. फोन तूच घे पुन्हा.”

“सर, चूक त्याची नाही, माझ्या वाक्याची आहे,” ती म्हणाली. “एकदा नीट लिहू द्या.”

“बरं. बाईंचे टाके काढेपर्यंत चालू ठेव. पुन्हा असं झालं तर बंद.”

संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. मी म्हटलं, “अगं, आमचे गुरुजी एकदा वर्गात म्हणाले, पाट्या काढा. अर्ध्यांनी दप्तरातून काढल्या, अर्ध्यांनी समोरच्या उचलून आत ठेवल्या. मार मात्र सगळ्यांना!”

ती हसली. मग एकदम थांबून म्हणाली, “बाबा, तुम्ही पेशंट व्हा. जमेल तितकं वाकडं बोला.”

“आयतंच मिळालं यांना!” आमची ही स्वयंपाकघरातून.

मी सुरू झालो. “दात काढायचाय, नंबर काढा.” “कालचा काढून आजचा काढा.” “वेळ काढून येतो, नंबर तेवढा काढून ठेवा.” एजंट अडखळला की ती वाक्य खोडायची, पुन्हा लिहायची. “काउंटरवर आजच आलेल्या नव्या मुलीला सांगतेय असं धरायचं,” ती पुटपुटली. “लाजाळू आहे, आपणहून विचारणार नाही.” शेवटी तिने मला वाचून दाखवलं ते असं: “नंबर रद्द करणे. पेशंट येणार नाही असं त्याने स्पष्ट सांगितलं तरच वापर. ‘काढा’, ‘काढून टाका’ एवढ्यावर वापरू नकोस. आधी विचार, येणार आहात की नाही?”

पुढच्या आठवड्यात शिंप्याचा फोन आला. डॉक्टर मुद्दाम शेजारी येऊन उभे राहिले.

“हिचे टाके काढायचेत. उद्याचा नंबर काढून टाका!”

सूनबाईने स्पीकरचा आवाज वाढवला.

“उद्या येणार आहात की नाही?” एजंटने विचारलं.

“येणार नसतो तर फोन कशाला केला असता? टाके घरीच उसवले असते, शिंपीच आहे मी!”

“मग उद्याचा नंबर देतो.”

“हा आता तुला लागायचा नाही,” म्हणत डॉक्टरांनी सूनबाईसमोरचा फोन उचलून आतल्या कपाटात ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन तिने हे हळू आवाजात सांगितलं, पण आवाज तिचाच होता. मी म्हटलं, “आता एक वर्णन माझंही लिहून टाक.” तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली:

“सासरेबुवा. गोष्ट ऐकायची असेल तेव्हा वापरावेत. घाईत असताना वापरू नयेत. एकदा सुरू झाले की रद्द करण्याची सोय नाही.”