अंगठा तिचा, शब्द माझे

वैनी गेली तेव्हा मी नांदेडला बँकेत होतो, हयातीच्या दाखल्यासाठी. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि ते तोंडानं सांगून भागत नाही, यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. माझा अंगठा काही केल्या त्या यंत्राला पटेना. काउंटरवरची पोरगी म्हणत होती, "काका, पुसून ठेवा, दाबून ठेवा," आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पुतणी शोभा उदगीरहून बोलत होती. "काका, आई गेली... चहा मागितला, आन् मी आत जाऊन येईस्तोवर गेली." मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. नेमका त्याच वेळी यंत्राचा हिरवा दिवा लागला. मागचा माणूस म्हणाला, "झालं तुमचं, सरका पुढं."

याला आता दीड महिना झाला. गावात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली. सरपंचांपासून शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळे वैनीला वीरपत्नी गयाबाई म्हणाले, थोर देशभक्त म्हणाले. ऐकून मला हसू आलं आणि रडूही आलं. याच गावानं एके काळी तिला देशाची वैरीण ठरवलं होतं. सगळ्यात पुढच्या खुर्चीवर मी बसलो होतो, मूग गिळून. मूग गिळण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायचा नाही. म्हणून म्हटलं, बोलता येत नसेल तर निदान लिहावं.

माझा थोरला भाऊ किसनदादा फौजेत होता. आमची वस्ती गावकुसाबाहेरची, बुद्धविहाराच्या अंगाची. गावातल्या हॉटेलात आमच्या कपबश्या वेगळ्या, बाहेरच्या कोनाड्यात. पण दादा सुट्टीवर आला आणि वर्दी घालून तिथं गेला की हॉटेलवाला स्वतः फडकं मारायचा आणि बाकावर बसा म्हणायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या वर्दीनं आमच्या घराला जी इज्जत दिली ती दुसऱ्या कशानं दिली नव्हती, हे ध्यानात घ्या, नाहीतर पुढचं माझं वागणं तुम्हाला समजायचं नाही. एकाहत्तरची लढाई झाली, आपण जिंकलो, किराणा दुकानदारानं गावभर पेढे वाटले. आमच्या वस्तीतही वाटले, हाताला हात लावून. आई तर वेडी झाली होती आनंदानं. पेढ्यांचे कागद उकिरड्यावर अजून दिसत होते, तेव्हा तार आली. दादा गेला. लढाई संपल्यावर गेला. नंतर एक पत्र आलं, त्यात एवढंच होतं की शेतात पेरलेले सुरुंग काढायच्या कामावर असताना त्याला मरण आलं. वैनी विशीची होती. शोभा तिच्या पोटात होती.

पुढच्याच साली तो बहात्तरचा दुष्काळ. उदगीरच्या रस्त्याला दुष्काळी काम निघालं आणि तान्ह्या शोभाला पाटीत निजवून वैनी खडी फोडू लागली. मी मॅट्रिक होतो, म्हणून मला मस्टरवर हजेरी लिहायला घेतलं. लिहिता येणारे थोडे, त्यामुळं पत्र्याच्या डबीतला शाईचा पॅड घेऊन मी रांगेतल्या बायामाणसांचे अंगठे घेत फिरायचो. एके दुपारी जेवणाची सुकडी वाटून झाल्यावर वैनी खडीच्या ढिगावर माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी ती मला अहो-जाहो करायची आणि मी तिला अगं-तुगं. आमच्याकडं रीतच तशी.

"भावजी, सरकारला एक अर्ज लिहा. लढाई सरल्यावर माझा माणूस सुरुंगाच्या वावरात कुनी धाडला? आन् घाई कशाची व्हती? एवढंच लिहा."

मी म्हणालो, "वैनी, असं कोणी विचारतं का? सैनिकाची बायको तू. लोक म्हणतील, देशावर बोट दाखवती."

ती हसली. समोर मुकादम उभा होता, त्याच्याकडं हातोड्यानं दाखवून म्हणाली, "त्यानं काल आपल्याला उलट्या अंगाला खडी टाकायला लावली, मी इचारलं का न्हाई? हाव, इचारलं. म्हून काय मला रस्ता नको झाला व्हय? रस्ता आपलाच हाय. म्हून तर मुकादमाला इचारायचं."

एवढं सरळ बोलणं. आणि मला ते कळलंही, मी काही अडाणी नव्हतो. पण माझ्या डोळ्यांपुढं हॉटेलातला तो बाक आला. आम्ही तोंड उघडायचा अवकाश, 'बघा, ह्यांची लायकी' म्हणायला गाव टपलेलं. शिवाय मला सरकारी नोकरी हवी होती, दादाच्या नावावर मिळायची शक्यताही होती. मी कागद घेतला आणि लिहिलं... माझ्या पतीनं देशासाठी दिलेल्या बलिदानाचा मला अभिमान आहे, मला दुसरा पुत्र असता तर तोही देशाला अर्पण केला असता. दुसरा पुत्र! अहो, पहिलाही नव्हता. तिच्या पाटीत शोभा झोपली होती. लिहून झाल्यावर वैनीचा डावा अंगठा पॅडवर टेकवला आणि कागदावर उमटवला. असा अर्ज लिहून देणाऱ्यानं खाली 'दस्तुर' म्हणून आपलं नाव घालायचं असतं. मी घातलं नाही.

उत्तर आलं. आपल्या देशप्रेमाच्या भावना पोहोचल्या, आभारी आहोत. मी ते वाचून दाखवलं तेव्हा वैनीनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "मी इचारलं काय आन् हे सांगलालेत काय! त्यास्नी कळलं नसंल. परत लिहा." मी परत लिहिलं. दरसाली, दादा गेल्याची तारीख आली की ती एक पोस्टकार्ड घेऊन यायची, तेच शब्द सांगायची, आणि मी त्याच्या जागी अभिमान लिहायचो. पुढं मला तहसीलीत कारकुनी लागली. आमची पत्रं आता माझ्याच कचेरीमार्फत जाऊ लागली आणि प्रत फायलीला राहू लागली. दहा वर्षं मी हे केलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला हलकट म्हटलं असतं.

मग लातूर जिल्हा झाला. इतके दिवस आम्ही उस्मानाबादकडं तोंड करून बसलेले, आता आपला जिल्हा, आपलं कलेक्टर ऑफिस, सगळीकडं कमानी आणि ताशे. उदगीरलाही सत्कार समारंभ ठेवला आणि वीरपत्नींना बोलवायचं ठरलं. आमच्या साहेबांनी फाईल मागवली आणि वैनीची पत्रं वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, "अहो, ही तुमची भावजय आणि तुम्ही इतके दिवस बोलला नाहीत? हे पत्र स्टेजवर वाचायचं." नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कसं म्हणणार? मी म्हणालो, "जी साहेब."

वैनी पांढरं स्वच्छ लुगडं नेसून आली. पाहुणे मंत्री, हारतुरे, मांडव गच्च. निवेदकानं गळा भरून पत्र वाचायला घेतलं. 'मला दुसरा पुत्र असता तर...' मांडवात टाळ्यांचा कडकडाट. मी खांबाआड उभा राहून वैनीकडं पाहत होतो. ती आधी इकडंतिकडं बघत होती, कोणाचं पत्र वाचतायत म्हणून. मग निवेदक म्हणाला, "...आपली नम्र, गयाबाई." तिची मान सावकाश वळली. एवढ्या गर्दीत तिनं मला बरोबर हुडकलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत राहिली.

सत्काराचं नारळ-पातळ तिनं घेतलं, कपाळाला लावलं, आणि माईककडं गेली. कोणी अडवेपर्यंत बोललीसुद्धा. "हे पत्र माझं न्हाई. मला पुत्रच न्हाई, लेक हाय. मी दहा साल झाले एकच इचारलालेय... लढाई सरल्यावर माझा माणूस सुरुंगाच्या वावरात कुनी धाडला, आन् घाई कशाची व्हती? सायेब, तुम्ही मोठे हाव, तुम्हाला ठावं असंल तर सांगा. न्हाई तर ज्याला ठावं हाय त्याला इचारून सांगा." आणि जयहिंद म्हणून, जयभीम म्हणून, खाली बसली.

मंत्री हसले, निवेदकानं घाईनं 'भावनांना आवर घालता येत नाही' असं काहीतरी म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं. मांडवातून मात्र आवाज आले, बाईला कोणी शिकवून पाठवलं, फौजेचा अपमान केला, हिला खाली उतरवा. गावात तर कहरच. पंधरा ऑगस्टला शाळेत तिला पहिल्या रांगेत खुर्ची असायची, ती बंद झाली. पण वैनी तरीही शाळेकडं गेली. कुंपणाच्या बाहेर, बोरीच्या झाडाखाली उभी राहिली, झेंडा वर गेला तशी हात उचलून सलाम केला, राष्ट्रगीत संपेपर्यंत हलली नाही, आणि घरी आली. अशी तीन वर्षं ती कुंपणाबाहेरून झेंड्याला सलाम करत होती. मग शाळेत एक नव्या बाई आल्या, त्यांनी बाहेर येऊन तिचा हात धरून आत नेलं. आणि माझं काय झालं म्हणाल? काही नाही. बदली नाही, मेमो नाही. साहेब एवढंच म्हणाले, "घरच्यांना जरा आवरा." ज्या भीतीपायी दहा वर्षं घालवली ती एवढीशी निघाली.

समारंभानंतर चार दिवसांनी मी गावाकडं गेलो. वैनी भाकरी थापत होती. मी उंबऱ्यातच बसलो. "वैनी, मी चुकलो." तिनं भाकरी उलटली, शेकली, माझ्या ताटात वाढली. मग म्हणाली, "भ्यालाव, ते कळलं मला. पर भावजी, माझा अंगठा व्हता हो तो..." आणि तेव्हा मात्र तिचा आवाज फुटला. दादा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसून म्हणाली, "आता तुम्ही लिहू नका. मला शिकवा."

शिकवलं. शोभाच्या पाटीवर, शोभाच्याच शेजारी बसून. वर्ष लागलं तिला ती दोन वाक्यं लिहायला. 'कोणी', 'होती' असं लिहावं म्हणून मी एकदा दुरुस्त करायला गेलो, तर म्हणाली, "न्हाई, मी बोलते तसंच." पहिलं कार्ड स्वतः लिहून खाली सही केली त्या दिवशी तिनं माझ्याकडून ती शाईची डबी मागून घेतली आणि फळीवर ठेवली. कशाला म्हणालो तर म्हणाली, "असू द्या. ध्यानात राहील." तिला की मला, ते तिनं सांगितलं नाही. तेव्हापासून दरसाली तिचं कार्ड गेलं. कधी उत्तर आलं नाही, कधी पोच आली, कधी 'योग्य त्या विभागाकडे पाठवले आहे' असं आलं. आजारपणात हात कापायला लागला तरी चार दिवस घालून ती कार्ड लिहायची. मी एकदा विचारलं, वैनी, कंटाळा नाही येत का गं? म्हणाली, "त्यांनी देशासाठी जीव दिला, मला इचारायला काय जातंय?"

पुण्यानुमोदनानंतर निघताना शोभानं ती डबी माझ्या हातात ठेवली. "आई म्हणली व्हती, ही काकाला दे." बाकी काही निरोप नाही.

परवा दादाची तारीख होती. नांदेडच्या घरी टेबलावर कार्ड घेऊन बसलो आणि वैनीचे शब्द तिच्याच बोलीत लिहिले. कुनी, व्हती, काही सुधारलं नाही. खाली लिहिलं, कालकथित गयाबाई यांच्या सांगण्यावरून. त्याखाली, पन्नासहून अधिक वर्षांनी, दस्तुर म्हणून माझं पूर्ण नाव घातलं आणि सही केली. मग डबी उघडली. शाई वाळून खडखडीत झाली होती. दोन थेंब पाणी घातलं, जरा वेळानं जांभळा रंग वर आला. सहीशेजारी माझा डावा अंगठा उमटवला. गरज नव्हती, पण उमटवला. कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकून आलो. आता उत्तर यायचं ते माझ्या नावावर येईल.