सांडपाणी नसलेलं गाव

सांडपाण्याच्या धंद्यात किस्से कधी कमी पडत नाहीत, ऐकणारे कमी पडतात. समोर पोहे असले की लोक म्हणतात, "नंतर सांगा." आज पोहे संपलेत, तेव्हा ऐका.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. आमची बदली जयपूरला, घर जवाहर नगरात. हळदीकुंकवाला बायको सगळ्यांना सांगायची, हे वॉटर प्रोजेक्टवर आहेत. एकदा आमची कन्या मध्येच म्हणाली, "मतलब, बाबा गटरचे इंजिनिअर आहेत." तेव्हापासून बायको नुसतं "सरकारी नोकरीत" म्हणते.

*

काम होतं शहराबाहेर, कानोता गावाच्याही पुढे, डोंगरातल्या एका लहानशा गावात. घराघरांतलं पाणी पाइपने टाकीत, तिथून खडी भरलेल्या वाफ्यात. वाफ्यात कर्दळ. तिच्या मुळांशी जंतू असतात, ते घाण खातात आणि खालच्या नळीतून स्वच्छ पाणी निघतं. गणित माझं, पुण्याच्या हिशेबाने केलेलं. झोकात उद्घाटन झालं आणि पाणीच येईना!

पाइप तुंबला असेल म्हणून मी आणि आमचे कुलकर्णी साहेब घरोघर हिंडलो. म्हैस पाळणाऱ्या धापू काकींच्या अंगणात उलगडा झाला. भांडी राखेने घासलेली. काकींचे यजमान खाटेवर बसून आंघोळ करताहेत, खाली परात. त्या पाण्यात कपडे धुवायचे आणि उरलेलं गोठा सारवायला. साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, ही माणसं काही सांडतच नाहीत. आपण आलोय कशाला?"

शेवटी गावातल्या डेअरीचे कॅन धुतलेलं पाणी आणि शाळेचे नळ जोडले, तेव्हा कुठे कर्दळीने जीव धरला.

*

वरचे साहेब पहिल्यांदा बघायला येणार म्हणून सरपंचांनी आदल्या दिवशी टाकीत फिनेलचे डबेच्या डबे ओतले. वर आम्हालाच अभिमानाने सांगितलं, "एक भी कीड़ा नहीं बचा, साहब!"

खरंच नव्हता. आमची सगळी कामगार मंडळी गतप्राण! मग नवे जंतू वाढावेत म्हणून टाकीत शेणकाला ओतावा लागला. सोवळ्यात जेवणारे कुलकर्णी साहेब बादली घेऊन पुढे, मी मागे.

*

खालून निघणाऱ्या पाण्याला कोणी हात लावेना. धापू काकींनी मात्र त्यावर लसूणघास लावला. चाऱ्यावाचून दर उन्हाळ्यात त्यांना म्हैस विकावी लागायची. त्या वर्षी ऐन मे महिन्यात दावणीला हिरवा चारा! काकी आमच्यासाठी ताकाचा लोटा घेऊन आल्या. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. कुलकर्णी साहेबांनी देवाचं नाव घेऊन लोटा तोंडाला लावला आणि मिशा पुसत आणखी मागितलं. दुसऱ्याच दिवशी सरपंच पाण्यात आपला वाटा मागायला आले.

*

पुढच्या उन्हाळ्यात डेअरी बंद पडली, शाळेला सुट्टी लागली. वाफा सुकायला लागला. त्यातच वरून निरोप: तपासणीच्या दिवशी नळीतून पाणी दिसलं नाही, तर प्रकल्प गुंडाळा. माझं रडायचंच बाकी होतं. काकींना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "फेर म्हारी भैंस?" 

तपासणीच्या दिवशी जीप वळणावर आली आणि वरच्या साहेबांनी ती थांबवायला लावली. डोंगराच्या उतारावर बायकांची रांग. डोक्यावर जुने घडे, बादल्या, तेलाचे डबे. सगळ्यात पुढे धापू काकी. साहेबांना वाटलं, पाणीटंचाईचा मोर्चा आहे. घाईघाईने उतरून ते टाकीपाशी गेले आणि म्हणाले, "माताजी, इतनी दूर से पानी ला रही हो?"

काकींनी घडा टाकीत रिकामा केला आणि ओढणी सारखी केली.

"मैलो पाणी छै, साब. बचा-बचा'र राख्यो छै, थांकै वास्तै."