सातवी कादंबरी

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या मराठी मंडळानं त्या वर्षी एक लोखंडी कपाट भरून नव्या कादंबऱ्या आणल्या. सगळ्या गेल्या दोन-तीन वर्षांत छापलेल्या, पानांना अजून खळीचा वास. मी आठवीतून शाळा सोडून परभणीकडून सुरतेला यंत्रमागावर कामाला आलेलो. आपण मागं पडलो ही भीती तेव्हा सतत पोटात असायची. म्हणून ठरवलं, वर्षभरात ह्यातल्या बारा वाचायच्या. आणि नुसत्या डोळ्यांखालून घालायच्या नाहीत. वाचलेली कादंबरी कारखान्याच्या खात्यात नानांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून झाली, तरच ती मोजायची.

नाना अमळनेरकडचे. माझ्या शेजारचे चार माग ते चालवायचे. मला काम त्यांनीच शिकवलं, पहिले दोन महिने त्यांच्याच डब्यातलं खाल्लं. त्यांना अक्षर येत नव्हतं, आणि वीस वर्षं माग ऐकून कानही गेले होते. तशी खात्यात कान असलेल्यालाही काही ऐकू येत नाही. आम्ही सगळे ओठ बघून बोलायचो, आवाज काढायचोच नाही. नानांचे अहिराणी ओठ समजायला मला चार महिने लागले होते.

नव्या कादंबऱ्या बहुतेक वाईटच संपायच्या. एकीत गाव धरणाखाली गेलं. एकीत कारकून वेडा झाला. एक तर अख्खी एकाच दिवसाची, संध्याकाळी त्यातली बाई विष घेते. नाना वैतागायचे.

"तुन्हा लेखकले काही कामधंदा नई का? समदासले मारी टाकस!"

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू झाली की भुवया उडवायचे : पुढे?

सातवी कादंबरी एका बदलीच्या नोकरीतल्या माणसाची होती. नव्या गावी जाताना एस. टी. स्टँडवर त्याची म्हातारी आई हरवते. पुस्तकभर तो तिला शोधतो. नानांची आई गावाकडे एकटी होती. ही गोष्ट त्यांना लागली. तीन दिवस पुरवून सांगितली. चौथ्या दिवशी दुपारी शेवटाला आलो होतो.

"म्हतारी सापडनी का?" नानांनी विचारलं.

मी मुद्दाम थांबलो. हसलो. धोट्यातली सुताची कांडी बदलली. मला मजा वाटत होती की एवढा मोठा माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा आहे.

"सांग ना भो!"

माझे ओठ बघायचे तर त्यांना मागाकडे पाठ करावी लागायची. पाठीमागं ताण्याचे उभे धागे तुटून गुंतले. बघत असते तर त्यांनी माग बंद केला असता. तो गुंता मला दिसला होता की नाही, हे मी आजही नक्की सांगू शकत नाही. आडवा धागा घेऊन धावणारा टोकदार धोटा गुंत्याला अडून मागाबाहेर उडाला. नाना त्याच क्षणी वळले, आणि टोक डाव्या डोळ्यात गेलं.

खात्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरनं मला विचारलं, "हा कुठं बघत होता?"

म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

कामगाराची चूक निघाली असती, तर शेठनं दवाखान्याचा खर्च उचलला नसता, आणि बोलत होतो म्हणून मलाही काढलं असतं. शेठ एवढंच म्हणाले, "ध्यान राखवुं जोईए ने, भाई." लक्ष ठेवायला हवं ना, इतकंच.

दवाखान्यात गेलो तर नानांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. माफी मागायला गेलो होतो. पण माझे ओठ त्यांना दिसत नव्हते, आणि ऐकू जाईल असं बोलायचं तर कानाशी ओरडावं लागलं असतं. मास्तर स्टुलावर बसला होता. मी नुसता हात धरला. बोटांवरून त्यांनी ओळखलं.

"मी सांगं मास्तरले," बहिरा माणूस बोलतो तसं मोठ्यानं म्हणाले, "मन्हं ध्यान धोटावरच व्हतं. पट्टा ढिला व्हता."

दोष मागाच्या पट्ट्यावर गेलाय हे मला कळावं म्हणून ते बोलले होते. मास्तरनं मान हलवली. खर्च मिळाला. माझी नोकरी राहिली.

आठवड्यानं उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. डावा गेलाच होता. त्या दिवशी जवळ कुणी नव्हतं. मी त्यांच्या समोर बसलो आणि खात्यात बोलायचो तसं, आवाज न काढता म्हणालो, "नाना, माझ्यामुळं झालं. मी थांबायला नको होतं."

ते बघत होते. वाक्य पुरतं होऊ दिलं. मग राहिलेला डोळा मिटून घेतला.

झोपले नव्हते, पापणी हलत होती. मी बराच वेळ बसलो. त्यांनी डोळा उघडला नाही.

पुढच्या सोमवारी त्यांचा भाऊ त्यांना भुसावळच्या गाडीनं गावी घेऊन गेला. माझी पाळी होती. सुट्टी मागता आली असती. मागितली नाही. त्याच दुपारी मास्तरनं नानांचे चार माग दाखवले आणि विचारलं, "हे पण बघशील का?"

मी हो म्हणालो.